हायबर्निया, मुक्काम पिंप्राळा

कुमुद,

तुझं तेरावं परवा आटोपलं. वरणात मीठ कमी होतं. तू असतीस तर पहिल्याच घासाला बोलली असतीस. तू नव्हतीस म्हणून बाकीच्यांनी शहाण्यासारखं खाल्लं. धुळ्याहून तुझ्या शाळेतल्या मुली आल्या होत्या. मुली कसल्या, एकेकीचे गुडघे माझ्याहून जास्त कुरकुरतात. त्या ओसरीवर ‘आमच्या बाई, आमच्या बाई’ करत डोळे पुसत होत्या आणि मी आत वाढत होते. मला रडताना कुणी पाहिलेलं खपत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून वाढायचं.

काल माझा मुलगा धुळ्याहून तुझा डबा घेऊन आला. तोच, बारीक खणांचा लाकडी डबा, ज्याला तू कॅबिनेट म्हणायचीस आणि मी मसाल्याचा डबा. प्रत्येक खणात एक नाणं, नाण्याखाली तुझ्या मोत्यासारख्या अक्षरातली चिठ्ठी. सगळी आयर्लंडची. तांब्याची काळपट, चांदीची राखाडी. जळगाव-धुळ्याच्या मुलखात, जिथे माणसं कापूस, केळी आणि एकमेकांच्या सोयरिकी सोडून कशाचा संग्रह करत नाहीत, तिथे तू आयर्लंड गोळा केलंस. आणि पहिल्याच ओळीतला पहिलाच खण रिकामा. त्यात नुसती चिठ्ठी: ‘हायबर्निया, अर्धा पेनी, १७२३. सापडलं: जळगाव, आमचा देव्हारा. सध्या: वहिनीकडे.’

ती चिठ्ठी वाचली आणि मी डबा मिटून टाकला. का, ते तुला सांगायचं राहिलं आहे. तेच सांगायला बसले आहे.

पण आधी वीणाबाई. पिंप्राळ्याच्या आपल्या घरात मी लग्न होऊन आले ती एकोणऐंशी साली. फैजपूरच्या केळीच्या बागांतून उचलून आणलेली, मॅट्रिकला इंग्रजीत आपटलेली आणि तरीही स्वतःला फार हुशार समजणारी. देव्हाऱ्यात कुलदेवतांचे चांदीचे चार टाक होते आणि पाचवी ही तांब्याची गोल चकती. झिजलेली, कुंकवाने माखलेली. नीट पाहिलं की एक बाई बसलेली दिसे, एका हाताखाली उभी वीणा, दुसऱ्या हातात लांबट पान. सासूबाईंना, म्हणजे आपल्या जिजींना, विचारलं तर म्हणाल्या, सरस्वती आहे, त्यांच्या सासूच्याही आधीपासूनची. वीणेवरून वीणाबाई. आणि ते पान? ते केळीचं. खान्देशातली सरस्वती, दुसरं कुठलं पान धरणार?

मी ते सगळं खरं मानलं. सतरा नंबरचा फॉर्म भरून मी पुन्हा इंग्रजीला बसले तेव्हा रोज त्या चकतीपुढे वेगळी वात लावायचे. पस्तीस मार्क पडले. बरोबर पस्तीस. गावभर पेढे वाटले.

तू तेव्हा कॉलेजात होतीस. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण नणंद, म्हणून जिजींच्या देखत मी तुला ‘अहो वन्सं’ म्हणायचे आणि चुलीजवळ ‘ए कुमे’. मग तुझं लग्न झालं. आणि ब्याऐंशीच्या आखाजीला सगळ्या माहेरवाशिणी येतात तशी तू आलीस. झोके झाले, गौराईची गाणी झाली, बाकीच्या परत गेल्या. तू गेली नाहीस. सासरच्यांनी बोलावलंही नाही. का, ते घरात कुणी मोठ्याने विचारलं नाही आणि तूही सांगितलं नाहीस. दिवसभर तू देव्हाऱ्यासमोर वाती वळत बसायचीस. एवढ्या वाती की शेजारणींनाही पुरल्या.

असंच एकदा बसल्या बसल्या तू ती चकती उचललीस, चिंच न लावता, काही न घासता, नुसत्या ओल्या कापडाने कुंकू पुसलंस, नानांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, कागद वाचायचं भिंग आणलंस आणि कडेची अक्षरं वाचलीस. मग स्वयंपाकघरात येऊन शांतपणे म्हणालीस, “वहिनी, ही सरस्वती नाही. हे नाणं आहे. आयर्लंडचं. हायबर्निया म्हणजे आयर्लंडच.”

मी म्हणाले, म्हणजे इंग्रजांचीच बाई ना, तरीच मला इंग्रजीत पास केलं. तू म्हणालीस, तिला इंग्रज म्हणशील तर ती वीणा फेकून मारेल. आयर्लंड म्हणजे काय आणि इंग्लंड म्हणजे काय हे तू मला भाकरी थापता थापता सांगितलंस. मला फक्त एवढं कळलं की त्यांच्यावरही राज्य केलं ते आपल्यावर केलं त्यांनीच.

नानांनी, तुझ्या भावाने, मान हलवली. ते त्यांचं सगळ्यावरचं उत्तर. प्रश्न जिजींचा होता. नाणं म्हटल्यावर त्या देव्हाऱ्यातून काढतात की काय, अशी मला धाकधूक. जिजी मूळच्या धुळ्याकडच्या. रागात आणि मायेत त्यांची अहिराणी निघायची. त्यांनी ती चकती तुझ्या हातातून घेतली, पुन्हा कुंकू लावलं आणि म्हणाल्या, “कथाईन बी येल र्‍हावो. इतला वरीस आपला घरमा र्‍हायनी. आते ती आपलीच शे.”

कुठूनही आलेली असो, आता ती आपलीच, हे तेव्हा मला वाटलं त्या चकतीबद्दल बोलतायत. बघ, किती मठ्ठ होते मी. त्या बोलताना तुझ्याकडे बघत होत्या.

त्यानंतर तू बी. एड. केलंस, धुळ्याला मुलींच्या शाळेत लागलीस, आणि तुला हा नाद लागला. धुळ्याच्या वाचनालयात कुठल्याशा इंग्रजी मासिकात पत्ता मिळाला आणि तू लिमरिक गावच्या एका निवृत्त मास्तरांना पत्र घातलंस. उत्तर आलं. घरात बातमी अशी पसरली की कुमुदला परदेशातून पुरुषाची पत्रं येतात. मी ती पसरवली. खोटं कशाला बोलू? मास्तर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते हे मला माहीत होतं; तेवढा तपशील मी सांगत नसे.

एक आड एक शनिवारी तू एरंडोलवरून येणाऱ्या यष्टीने यायचीस. खांद्याच्या पिशवीत तपासायच्या वह्या आणि जेवणाच्या डब्यात भिंग, चिमटा, कापूस. हिवाळ्यात मी वांगी भाजत असायचे आणि तू चुलीपासून हातभर दूर, फरशीवर जुनं धोतर पसरून नाणी मांडायचीस. दूर का, तर धुराने तांबं बिघडतं. माझे डोळे बिघडले तर चालत होते.

तुझ्या गोष्टी मात्र मी कान देऊन ऐकायचे, वरून कितीही भंगार भंगार म्हटलं तरी. त्या राजाची गोष्ट आठवते? लढाईत पैसा संपला म्हणून त्याने जुन्या तोफा, देवळातल्या घंटा आणि लोकांची स्वयंपाकाची भांडी वितळवून पितळी नाणी पाडली. त्यावर वर्षच काय, महिनासुद्धा. मास्तरांनी तुला त्यातलं एक पाठवलं तेव्हा मी ते उलटंपालटं करून विचारलं, यात कढई कुठली आणि घंटा कुठली? तू हसलीस. म्हणालीस, वितळलं की सगळं एकच.

आणि भुसावळची ती म्हातारी. रेल्वेच्या बंगल्यातलं सामान आवरून मुलीकडे निघाली होती. तिच्याकडे आजोबांचं चांदीचं टोकन होतं, आयर्लंडच्या बँकेचं. पैसे घेऊन विकायला ती तयार नव्हती. तू परत येऊन तोंड पाडून बसलीस. मी माझ्या कैरीच्या लोणच्याची मोठी बरणी काढून दिली आणि म्हणाले, आता जा. म्हातारीने एक फोड खाल्ली आणि टोकन दिलं. त्या खणातल्या चिठ्ठीवर तू लिहिलं आहेस: ‘मोबदला: वहिनीचं लोणचं.’ कुमे, एवढा मान मला माझ्या मुलांनी दिला नाही.

वीणाबाई आपल्या घरात आली कशी, हे भांडण मात्र आपलं मिटलं नाही. तू म्हणायचीस, बऱ्हाणपूरच्या वाटेने जाणाऱ्या एखाद्या आयरिश शिपायाच्या खिशातून पडली असणार. मी म्हणायचे, खिशातून पडलेलं कुणी देव्हाऱ्यात ठेवत नाही. एखाद्या गोऱ्या बाईचं बाळंतपण आपल्या घरातल्या कुणी आजीने केलं असेल आणि तिने पदरातलं होतं ते दिलं असेल. तू म्हणायचीस, पुरावा? मी म्हणायचे, तुझा शिपाई तरी साक्षीला येणार आहे का?

मास्तरांचं ते एक पत्र. तू देव्हाऱ्यापुढे बसूनच मला वाचून दाखवलंस. वीणाबाईसारखी ही नाणी पाडली तेव्हा त्यांच्याच देशाने ती घ्यायला नकार दिला. दुकानदार घेईनात, लोक हात लावीनात. शेवटी पिंपं भरभरून ती अमेरिकेला पाठवून दिली. तू वाचायचं थांबलीस, कागदाची घडी केलीस आणि हसायला लागलीस. बराच वेळ. मग म्हणालीस, “वहिनी, हिलापण नांदवलं नाही बघ.”

मीही हसले. तू हसतेस म्हणून. हसून पुन्हा कणीक मळायला लागले.

आता पुढचं. हे मला सोपं नाही, म्हणून मध्ये उठून चहा टाकून आले.

नाशिकला नाणी जमवणाऱ्यांचं प्रदर्शन भरणार होतं, अठ्ठ्याऐंशी साली. तुला टेबल मिळालं होतं. अख्ख्या प्रदर्शनात आयर्लंडवाली तू एकटी आणि बाई म्हणूनही तू एकटी. तोवर जिजींनी देव्हारा माझ्याकडे सोपवला होता. तू शुक्रवारी आलीस आणि जिजींना नाही, मला विचारलंस. हात पुसत, ओट्याशी उभी राहून. तीन दिवसांसाठी वीणाबाई हवी. पहिल्या खणात ती नसेल तर बाकीच्यांना अर्थ नाही, ती सगळ्यांची आई. मी म्हणाले, देव घराबाहेर जात नाहीत. तू म्हणालीस, “तीनच दिवस ग. सोमवारी दिवेलागणीच्या आत परत आणते.”

आणि मी म्हणाले, “परत येण्यात तुझा हात कोण धरणार, बाई.”

गंमत म्हणून. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळे कौतुकाने सांगत आले, म्हणून मलाही ते कौतुकच वाटायचं. खरं कारण देव नव्हतंच. तुझ्याकडे पदवी होती, पगार होता, परदेशची पत्रं होती, नाशिकला टेबल होतं. माझ्याकडे पस्तीस मार्क आणि देव्हाऱ्याची किल्ली. तेवढी एकच गोष्ट होती जी तुला मागून घ्यावी लागणार होती. ती मी दिली नाही.

भांडली असतीस तर मी सुटले असते. तू ताट घेतलंस, जेवलीस, भाजी छान झालीय म्हणालीस आणि सकाळच्या गाडीने गेलीस. नाना प्रदर्शन बघून आले. त्यांनी सांगितलं, कुमुदने पहिला खण रिकामाच ठेवला होता, नुसती चिठ्ठी. लोक विचारत तेव्हा म्हणायची, ती घरी असते, बाहेर जात नाही.

पुन्हा तू ती मागितली नाहीस. कधीच. यायचीस तशीच, फरशीवर नाणी मांडायचीस तशीच. फक्त देव्हाऱ्यासमोर बसणं बंद केलंस.

मला ते तीन वर्षं टोचत राहिलं. सरळ उठून तुझ्या हातात ठेवावं, तर ते मला कसं जमणार? मी वाकडी. म्हणून मी एक डाव रचला. टाक झिजला की नवा करून घेतात आणि जुना नदीला देतात, ही रीत. मी जिजींच्या मागे लागले की वीणाबाईचं तोंड पार झिजलंय, नवी चांदीची करू. जिजी म्हणाल्या, “मन्हं तोंड बी घसाई गयं. माले बी नवी करशी का?” पण शेवटी हो म्हणाल्या. जुनी मी गिरणेला सोडते म्हणून सांगायचं आणि आखाजीला तुझ्या ओटीत घालायची, नारळाखाली लपवून. तू घरी जाऊन ओटी सोडशील तेव्हाचं तुझं तोंड मी मनात दहा वेळा पाहिलं होतं.

टाक करायला दिला सराफ्यातल्या आबा सोनारांकडे. आबा म्हणजे तुझेच. मोडीत आलेली जुनी चांदी मुशीत घालण्याआधी तुला दाखवल्याशिवाय हात न लावणारे. अशा माणसाकडे नाणं सुरक्षित, असं मला वाटलं. नमुना म्हणून मी वीणाबाई त्यांच्याकडे ठेवली. आठ दिवसांनी गेले. नवा टाक सुरेख झाला होता, बाई, वीणा, केळीचं पान, सगळं. मी म्हणाले, आणि जुनी?

आबा म्हणाले, जुनी यातच आहे की. जुन्या देवाचा अंश नव्यात उतरायला नको का? सगळीच घातली मुशीत, म्हणून चांदी जरा लालसर आलीय.

मी म्हणाले, आबा, कुमुदला विचारल्याशिवाय तुम्ही नाण्याला हात लावत नाही ना? त्यांना माझा प्रश्नच कळेना. म्हणाले, “नाणं असतं तर विचारलं असतं, वहिनी. तुम्ही देव म्हणून दिला.”

खरंच होतं. मीच देव म्हणून दिला होता. तीन वर्षांपूर्वी तुला देव म्हणून दिला नाही आणि आता देव म्हणून दिला.

त्या आखाजीला तुझ्या ओटीत नारळाखाली काहीच नव्हतं. जिजी पुढच्या वर्षी गेल्या. त्यांना वाटत राहिलं जुनी गिरणेत आहे. नानांना अजून वाटतंय. तुला सांगायचं मी दर शनिवारी ठरवायचे. एकदा, त्र्याण्णवच्या हिवाळ्यात, तू कधी नव्हे ती देव्हाऱ्यापाशी गेलीस, टाक हातात घेतलास, खिडकीशी नेऊन उजेडात धरलास. म्हणालीस, चांदी लालसर आहे ग. जुनी कुठे आहे? मी म्हणाले, आहे, डब्यात नीट ठेवलीय, तू आधी बस, भरीत गार होतंय. तू बसलीस. अजून एकदा विचारलंस. मी अजून एकदा वाढलं. तिसऱ्यांदा तू नुसतं माझ्याकडे पाहिलंस आणि मी तिसऱ्यांदा वाढलं. तू सगळं संपवलंस.

एवढंच सांगायचं होतं. इतकी वर्षं तू चिठ्ठीवर ‘वहिनीकडे’ असं लिहून विश्वासाने खण रिकामा ठेवलास आणि माझ्याकडे ती नव्हतीच, असं मी काल रात्रीपर्यंत समजत होते.

आज सकाळी पूजा झाल्यावर मी टाक उचलला. सून म्हणाली, आई, कुठे नेता? मी म्हणाले, जवळच. डबा उघडला. टाक त्या खणात बसतो का पाहावं म्हणून चिठ्ठी बाहेर काढली. तिच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं होतं, पुसट, पण अक्षर तुझंच:

‘आबांनी सांगितलं. वितळली. माझ्यासाठीच करायला गेली होती, असं त्यांना वाटतं. मलाही. वहिनीला विचारलं तर तीनदा भरीत वाढलं. पुन्हा विचारायचं नाही.’

कुमे, मी ओट्याशी उभी राहून वाढायला कुणी आहे का ते पाहिलं. कुणी नव्हतं. मग रडले.

टाक खणात बसला. थोडा तिरका, कडेला जरासा वर आलेला, पण बसला. पुढच्या बाजूला मी बाकी काही बदललं नाही. ‘सध्या: वहिनीकडे’ हे तेवढं खोडून ‘सध्या: कुमुदकडे’ केलं. माझं अक्षर तुझ्यापुढे कोंबडीचे पाय, पण चालवून घे.

आज शुक्रवार आहे. तीन दिवस म्हणाली होतीस. सोमवारी दिवे लागतील, देव्हाऱ्यात एक जागा मोकळी दिसेल, सून विचारेल, आणि मी तिला वाढायला घेईन. तुला काही विचारणार नाही. परत येण्याबद्दल या तोंडाने एकदा बोलून झालंय.

तुझी वहिनी